शिवणकट्टा : मेली बॉबिन नेमकी मधेच का संपते?

गेल्या महिन्यात या पानावर गोधडीच्या अस्तराबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की बॉबिन, म्हणजे मशीनमध्ये खालच्या दोऱ्याची ती छोटी चकतीसारखी रीळ, बदलायचा कंटाळा हा सगळ्या शिवणाऱ्यांचा कॉमन आजार आहे. झालं, त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की अस्तर राहिलं बाजूला. म्हणून यावेळी सगळं पान बॉबिनलाच दिलंय. ब्लाऊजच्या गळ्याचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा आठ जणींचा बचत गट आहे, जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतो. काळी मशीन आहे, मोटर लावलेली. एका गोधडीला तीनदा-चारदा बॉबिन संपते आणि संपलेली कळत पण नाही, वरचा दोरा आपला चालूच, मशीन धावत राहते आणि मग उलटं करून बघावं तर हातभर टीप नुसती वरच्यावर. बॉबिन बदलायलाच लागत नाही अशी मशीन मिळते का? गटाकडे थोडे पैसे जमलेत. – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पहिलं सांगते, ते पैसे आत्ता लगेच खर्च करू नका. बॉबिनच नाही अशा मशिनी असतात, साखळी टाक्याच्या, म्हणजे दोऱ्याचा एकेक फास पुढच्यात अडकवत जाणाऱ्या, पण गोधडीला मी त्या सुचवणार नाही, कारण खाली दुसऱ्या एका पत्राच्या उत्तरात येईलच. आधी आहे त्या काळ्या मशीनवर त्रास किती कमी होतो ते बघू.

हिशोब करा. समजा गोधडी पाच बाय सात फुटाची आहे आणि एकेक इंचावर उभ्या टिपा मारताय. म्हणजे 59 ओळी, प्रत्येक सात फुटाची, एकूण झाली 413 फूट, म्हणजे साधारण 126 मीटर टीप. आता आपल्या साध्या टाक्याला एक मीटर टिपेमागे वरचा-खालचा मिळून अडीच मीटरच्या आसपास दोरा लागतो, त्यातला निम्मा खालचा. म्हणजे बॉबिनमधूनच तुमचा दीडशे-एकशेसाठ मीटर दोरा जाणार, आणि साड्यांचे थर जाड असतील तर अजून थोडा. एका बॉबिनमध्ये एवढा मावतच नाही हो, त्यामुळे तीन-चार बॉबिन लागतात यात मशीनची काही चूक नाही. टिपा दोन इंचावर घेतल्या तर हे सगळं निम्म्यावर येतं, पण जुन्या विरलेल्या साड्या असतील तर लांब लांब अंतरावरच्या टिपांमध्ये थर सरकतात, त्यामुळे मी तरी दीड इंचाच्या पुढे जाणार नाही. आणि टिपा लांबीकडून मारा, रुंदीकडून नको. दोरा सारखाच लागतो पण लांबीकडून 59 ओळी होतात आणि रुंदीकडून 83, म्हणजे 24 वेळा जास्त वळायचं आणि 24 वेळा जास्त दोरा तोडायचा.

आता खरी युक्ती. नेहमीसारखी नीट भरलेली बॉबिन लावा आणि किती ओळी झाल्यावर ती संपते ते एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. समजा 17 ओळी पूर्ण झाल्या आणि अठराव्या ओळीत मधेच संपली. तर यापुढे 17 ओळी झाल्या की बॉबिन संपायची वाट न बघता कडेलाच बदलायची. खाली चार-पाच हात दोरा वाया जातो असं वाटेल, पण वाया नाही जात, ती उरलेली बॉबिन तुकडे जोडायला वापरा. फायदा काय तर जोड नेहमी कडेला येतो आणि कडेवर शेवटी गोट लागतो, त्यात तो दडून जातो, आणि मधेच हातभर पोकळ टीप उसवायचा प्रकारच बंद होतो. मात्र दोरा बदलला, टाका लहानमोठा केला किंवा थर वाढवले की परत मोजा. मी स्वतः हे फार उशिरा शिकले, आधी पंधरा-वीस वर्षं मी पण "पुरेल गं पुरेल" करत जुगारच खेळत होते.

दुसरं म्हणजे बॉबिनी आणा डझनभर. आठ जणींच्या गटात दोनच बॉबिनी असतात हे मी डोळ्यांनी बघितलंय! सकाळी बसण्याआधी एकीने सगळ्या भरून डब्यात ठेवायच्या, म्हणजे बदलायला अर्धा मिनिट लागतं. बदलणं त्रासाचं नसतंच बहुतेक वेळा, भरणं त्रासाचं असतं. चाकाचा स्क्रू ढिला करा, दोरा काढा, भरा, स्क्रू आवळा, परत ओवा, यात चहा गार होतो. बाजारात बॉबिन भरायचं छोटं वेगळं यंत्र मिळतं, विजेवर किंवा सेलवर चालणारं, गटाला ते नव्या मशीनपेक्षा खूप स्वस्तात पडेल आणि एक जण भरत असताना दुसरीची टीप चालू राहील.

हे सगळं करून बघा दोन महिने. तरीही ऑर्डरी वाढल्या आणि मशीन घ्यायचीच ठरली तर बॅगा आणि सोफ्याची कव्हरं शिवणारे वापरतात ती वॉकिंग फूटची मोठ्या शटलवाली (शटल म्हणजे खाली वरचा दोरा पकडून बॉबिनच्या दोऱ्यात अडकवणारा भाग) मशीन बघा. तिची बॉबिन मोठी असते आणि वरचा बूट पण कापड पुढे ढकलतो त्यामुळे साड्यांचे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. माझ्या मते गोधडीला बॉबिनपेक्षा हा दुसरा फायदाच मोठा. फक्त घ्यायच्या आधी तुमची चार थरांची गोधडी सोबत घेऊन जा आणि दुकानात स्वतः शिवून बघा, दुकानदार नेहमी दोन पदरी कोऱ्या कापडावरच चालवून दाखवतात.

प्रश्न : मी कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर्ड. बायकोची मशीन मीच खोलतो, तेलपाणी करतो. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वर पाच हजार मीटरचा कोन, म्हणजे दोऱ्याचं मोठं निमुळतं रीळ, लावता येतो तर खाली का नाही? खाली एक मोठी पेटी करून त्यात पण कोन बसवला की विषय संपला. एवढ्या वर्षांत कुणालाच सुचलं नाही का? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : काका, तुमच्या पत्राने मजा आली, कारण हा प्रश्न मशीन चालवणाऱ्याला पडत नाही, उघडणाऱ्याला पडतो.

दोरीच्या उड्या मारणारी मुलगी डोळ्यासमोर आणा. दोरी तिच्या डोक्यावरून येते, पायाखालून जाते, परत वर. हे कधी जमतं? ती जमिनीला किंवा भिंतीला कुठेच बांधलेली नसते तेव्हाच. तिचा एक हात जरी खांबाला बांधला तरी दोरी तिथेच अडकणार. बॉबिन म्हणजे ती मुलगी. प्रत्येक टाक्याला सुई खाली येते, वर जाताना दोऱ्याचा फास सुटतो, शटलचं टोक तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिनच्या भोवतीनं फिरवून आणतं. तेव्हा कुठे वरचा आणि खालचा दोरा एकमेकात अडकतात. म्हणजे बॉबिन तिच्या डबीसकट मशीनमध्ये कुठेच पक्की जोडलेली नसते, नुसती अडवून धरलेली असते, दोरा निसटून जाईल एवढी फट ठेवून. तुम्ही शटल उघडून बघितलंय म्हणजे ती फट तुम्हाला माहितीय. खाली कोन ठेवून तिथून दोरा आत ओढून आणला की त्या येणाऱ्या दोऱ्यातच फास अडकेल, खांबाला बांधलेला हात झाला तो.

बरं, कोनच आत ठेवला, फिरता, तर? तर वरच्या दोऱ्याचा फास प्रत्येक टाक्याला त्या अख्ख्या कोनाला वळसा घालून यायला पाहिजे, म्हणजे एवढा मोठा फास सुईच्या नेढ्यातून खाली जाणार आणि परत वर ओढला जाणार. दोऱ्याचा एकच तुकडा कापडात बसायच्या आधी नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासतो, बॉबिन जितकी मोठी तितकं घासणं जास्त, तितका दोरा तुटणार आणि तितकी मशीन हळू चालवावी लागणार. म्हणून बॉबिन छोटी ठेवावी लागते, कंपन्या कंजूस आहेत म्हणून नव्हे.

आणि सुचलं नाही म्हणताय तर ऐका, सुरुवात झाली तीच मुळात बॉबिनशिवाय! फ्रान्समधला शिंपी बार्तेलमी तिमोनिए, त्याला 1830 मध्ये पेटंट मिळालं, त्याच्या मशीनला आकडीची सुई होती आणि एकच दोरा, साखळी टाका. पॅरिसमध्ये त्याच्या मशिनींवर सैन्याचे कपडे शिवायला घेतले तर तिथल्या शिंप्यांनी पोटावर पाय येतो म्हणून 1831 मध्ये घुसून मशिनी फोडल्या. नंतर अमेरिकेत एलियास हाउने 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, खाली शटल आणि त्यात गुंडाळलेला दोरा, म्हणजे आपलं बॉबिनचं लफडं खरं तिथून आलं. आणि 1851 मध्ये बॉस्टनच्या ग्रोव्हर आणि बेकर या दोघांनी दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याची मशीन काढली, वरचा दोरा पण रिळातून, खालचा पण सरळ रिळातून, गुंडाळायचं नाव नाही. काही काळ घरोघर खपली पण ती मशीन. मग मागे का पडली? दोरा जवळपास दुप्पट खायची आणि कापडाच्या खालच्या बाजूला साखळीचा कड यायचा, हाताला टोचणारा. बायकांनी बॉबिन भरायचा त्रास पत्करला पण तो कड आणि दोऱ्याचा खर्च नाही पत्करला. म्हणजे हा निकाल आपल्या आधीच्या बायकांनी देऊन ठेवलाय.

तुमच्या पेटीची आयडिया पण अगदीच वाया नाही हं. अमेरिकेत एल्ड्रिज नावाने टू-स्पूल मशीन विकायची, तिच्यात खाली दुकानातलं आख्खं छोटं रीळच बसायचं, गुंडाळायची कटकटच नाही. आणि सिंगरने 1960च्या दशकात टच अँड सो नावाच्या मशिनी काढल्या त्यात बॉबिन बाहेर न काढता जागच्या जागी, सुईतून आलेल्या दोऱ्यानेच परत भरून घेता यायची. दोन्ही कल्पना भारी, पण चालल्या त्या साध्या बॉबिनीच, ज्या कुठल्याही गावात कुठल्याही दुकानात मिळतात. तुमच्या घरी जर ती जुनी लांबट, बंदुकीच्या गोळीसारख्या शटलची सिंगर असेल तर ती मात्र विकू नका, ती हाउच्या पुढेमागे जाणाऱ्या शटलच्याच घराण्यातली आहे.

प्रश्न : ऑनलाइन एक छोटी मशीन घेतली, स्टेपलरसारखी हातात धरायची. लिहिलं होतं बॉबिनची गरज नाही. पडद्याच्या कडा शिवल्या, छान दिसल्या, दुसऱ्या दिवशी मुलाने एक लोंबता दोरा ओढला आणि अख्ख्या पडद्याची शिलाई सर्र करून निघाली. पीस खराब आला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पीस खराब नाहीये. तो टाकाच तसा आहे.

साखरेचं किंवा खताचं पोतं उघडताना बघितलंय ना, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळं तोंड मोकळं, आणि चुकीचं टोक धरलं की नुसती गाठ बसते आणि मग आपण सुरी शोधतो. तेच साखळी टाक्याचं. एकच दोरा, प्रत्येक फास पुढच्या फासात अडकवलेला, पुढचा सुटला की मागचा सुटला. सुरुवातीच्या टोकाने उसवत नाही, जिथे शिलाई संपवली त्या टोकाने उसवतं. पोत्याला हा गुण आहे, पडद्याला अवगुण. तुमच्या हातातल्या मशीनला बॉबिन नाही ते खरंच आहे, ते फुकट नाही एवढंच त्यांनी लिहिलं नाही.

उपाय सोपा आहे, शिलाई संपली की दोऱ्याचं टोक शेवटच्या फासातून ओवून घट्ट ओढायचं आणि वर हाताने दोन-तीन टाके घालायचे. प्रवासात फॉल निघाला, हेम सुटलं, तेवढ्यासाठी ठेवा ती मशीन. पडदे घरच्या मशीनवर परत शिवा.

ज्यांनी ज्यांनी "बिनबॉबिनची मशीन घेऊ का" विचारलंय (अशी अकरा पत्रं आहेत), त्या सगळ्यांना हेच उत्तर. दोन दोऱ्यांचा साखळी टाका यापेक्षा बराच पक्का असतो, जीन्सच्या पायाच्या शिलाईला कारखान्यात तोच वापरतात आणि आतून बघितलंत तर साखळी दिसते, पण शेवटचं टोक नीट बंद नाही केलं तर तो पण सुटतो. आणि दोरा? साध्या टाक्याला मीटरमागे अडीच मीटर तर त्याला पाच-साडेपाच मीटर. गाद्यांच्या कारखान्यात अनेक सुयांच्या क्विल्टिंग मशिनी असतात, त्यातल्या बऱ्याच साखळी टाक्याच्या, कारण तिथे दिवसभर न थांबता कापड जात असतं आणि खालची बाजू गादीच्या आत जाते, कुणाच्या अंगाला लागत नाही. गोधडी दोन्ही बाजूंनी अंगाला लागते, धुतली जाते, पिळली जाते, तान्हं बाळ तिचा दोरा ओढतं. म्हणून नको म्हणते.

प्रश्न : ओव्हरलॉकला, म्हणजे कापडाची कड कापून बंद करणाऱ्या मशीनला, पण बॉबिन नसते, मग त्याच मशीनवर गोधडी का नाही होत? – एक वाचक, अकोला

उत्तर : ओव्हरलॉक फक्त कडेने चालते, बाजूला सुरी असते आणि कापड मधून घालायला जागाच नसते, त्यामुळे आतल्या टिपा मारता येणार नाहीत. तुकडे जोडायला मात्र जरूर वापरा, झटपट होतं आणि कडा पण बंद होतात, फक्त तीन दोऱ्याच्या ओव्हरलॉकला मीटरमागे चौदा मीटरपर्यंत दोरा जातो हे लक्षात ठेवून कोन स्वस्तातले आणा.

प्रश्न : बुटीकसाठी घरच्या मशीनऐवजी कारखान्यात असते ती जॅक किंवा जुकीची सिंगल नीडल घ्यायचा विचार आहे. मोठी मशीन म्हणजे बॉबिन पण मोठी, सारखी बदलायला नको, बरोबर ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चूक! आणि ही चूक फार जण करतात, मी पण केली होती. त्या मशीनची नेहमीची बॉबिन साधारण 21 मिलिमीटर व्यासाची आणि 9 मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. आपल्या काळ्या मशीनची बॉबिन व्यासाला तेवढीच, 20 च्या थोडी वर, पण रुंदीला जवळजवळ 12. म्हणजे आजीच्या काळ्या मशीनमध्ये उलट जास्त दोरा मावतो. आणि नवी मशीन दुप्पट-तिप्पट वेगाने पळते म्हणजे बॉबिन संपणार पण तितक्याच लवकर, घड्याळाच्या हिशोबाने.

पण घ्या, दुसऱ्या कारणासाठी घ्या. तिच्या टेबलावर उजवीकडे बॉबिन भरायची वेगळी चकती असते, दुसऱ्या कोनावरून दोरा घ्यायचा, दट्ट्या दाबायचा, तुमची शिलाई चालू असतानाच शेजारी पुढची बॉबिन भरत राहते आणि भरली की आपली आपण थांबते. बॉबिन संपली की शेजारी भरलेली तयारच. हे एक सुख अनुभवलं की घरच्या मशीनवर परत बसवत नाही.

काही नव्या घरगुती कॉम्प्युटराइज्ड मशिनींना पण बॉबिन भरायला वेगळी छोटी मोटर असते आणि खालचा दोरा संपत आला की स्क्रीनवर सूचना येते. ज्यांच्यात बॉबिन वरून टाकायची असते त्यांना पारदर्शक झाकण असतं, त्यातून नुसतं डोकावलं तरी कळतं. बजेट कमी असेल तर मी सेन्सरपेक्षा ते झाकण घेईन.

प्रश्न : एम्ब्रॉयडरीचं काम करते, खालचा दोरा दिसत नाही तरी बॉबिन सारखी संपते. तयार भरलेल्या बॉबिनी मिळतात त्या वापराव्या का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वापरा. कारखान्यात भरलेली बॉबिन आपल्यापेक्षा घट्ट आणि एकसारखी भरलेली असते आणि तिच्यात एम्ब्रॉयडरीसाठीचा बारीक दोरा असतो, म्हणून तेवढ्याच जागेत बराच जास्त मावतो. काहींना बाजूच्या चकत्याच नसतात, नुसता दोऱ्याचा गट्टू, त्यात अजून थोडा जास्त. फक्त आपल्या मशीनला कुठला साइज चालतो ते बघूनच घ्या, एल साइजची बॉबिन काळ्या मशीनच्या डबीत बसल्यासारखी वाटते पण रुंदीला कमी असल्याने आत खडखडते आणि टाका बिघडतो.

बारीक दोऱ्याची गोष्ट क्विल्टिंगला पण लागू आहे बरं का. खाली थोडा बारीक दोरा आणि वर नेहमीचा, हे चालतं, टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, जरा जुळवून घ्यावं लागतं. दोऱ्याच्या कोनावर टिकीट नंबर असतो, आकडा मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे नेहमीचा 120 असेल तर 180 त्याच्यापेक्षा बारीक. पण गोधडी रोज वापरातली असेल तर फार बारीक नको, तुटतो. शोभेच्या भिंतीवरच्या क्विल्टला चालेल.

आणि ज्या ताईंनी लिहिलंय की आरी वर्कला बॉबिनची कटकटच नाही, त्या बरोबर आहेत. आरीत दोरा कापडाखालून सरळ रिळातून येतो आणि आकडी तो वर ओढते, साखळी टाकाच तो. त्याचीच मशीन फ्रान्समध्ये 1860च्या दशकात निघाली आणि टेबलाखालच्या मुठीने ती कुठल्याही दिशेला वळवता येते. साध्या साखळी टाक्याच्या मशीनवर मात्र असं चहूकडे फिरवून शिवता येत नाही, कापड पुढेच गेलं पाहिजे, नाहीतर टाके सुटतात. म्हणून फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे कापड हाताने हवं तिकडे फिरवत टिपा मारणं, करणाऱ्यांना बॉबिनला पर्याय नाही.

प्रश्न : मी डॅलसला असते, इथल्या क्विल्टिंग ग्रुपमध्ये सगळ्यांकडे लाँगआर्म, म्हणजे लांब गळ्याच्या क्विल्टिंगच्या मशिनी आहेत. त्यांच्या बॉबिन मोठ्या असतात म्हणे. घ्यावी का? आणि दुसरं, आईच्या गोधडीसारखा हाताचा धावदोरा दिसेल असा टाका मशीनवर मिळतो का? पुढे पुण्याला न्यायची पण इच्छा आहे. – एक वाचक, डॅलस

उत्तर : लाँगआर्मला बहुतेक करून एम साइजची बॉबिन असते, व्यास 25 मिलिमीटर, रुंदी साडेदहाच्या वर, म्हणजे एल साइजच्या जवळपास दुप्पट दोरा. हँडी क्विल्टरची स्वीट सिक्स्टीन किंवा बर्निनाची क्यू 20, या बसून चालवायच्या मशिनींना पण तीच बॉबिन. वर्षाला दोन क्विल्ट करत असाल तर निव्वळ बॉबिनसाठी एवढे पैसे घालू नका, महिन्याला दोन करत असाल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा पण मी बॉबिनपेक्षा मशीनच्या गळ्यातल्या जागेसाठी घेईन, म्हणजे क्विल्टची गुंडाळी आत कोंबत बसायला लागत नाही. जुकीची टीएल 2010क्यू पण तुमच्या ग्रुपमध्ये कुणाकडे असेल, सरळ टाका सुंदर आणि वेगवान, पण बॉबिन वर ठाण्याच्या ताईंना सांगितली तीच छोटी.

धावदोऱ्याचं मात्र गंमतशीर आहे. बेबी लॉकची साशिको नावाची मशीन मिळते, जपानी साशिकोसारखा, म्हणजे तिथल्या धावदोऱ्याच्या भरतकामासारखा, एक टाका सोडून एक टाका, हुबेहूब हाताचा दिसतो. पण त्या मशीनला वरचा दोराच नसतो, सगळा दोरा बॉबिनमधलाच! म्हणजे बॉबिन बदलायचा कंटाळा आला म्हणून मशीन शोधणाऱ्याने ती घेतली तर आगीतून फुफाट्यात. आईच्या गोधडीच्या मायेपोटी घेणार असाल तर घ्या, हौसेला मोल नसतं.

पुण्याला नेताना व्होल्टेज बघा, तिथली मशीन 110-120 व्होल्टची, इथे 230. ट्रान्सफॉर्मर लावून चालते पण काही बिघडलं तर इथे ती उघडणारा माणूस शोधावा लागेल, त्याचा विचार आधी करा.

प्रश्न : बॉबिन गच्च भरते तरी टीप चुण्या चुण्या होते. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : गच्च भरता म्हणूनच. पॉलिस्टर दोरा जोरात ताणून, फुल स्पीडला भरला की तो ताणलेल्या अवस्थेतच गुंडाळला जातो आणि शिवल्यावर परत आखडतो, सोबत कापडाला पण आखडतो. मध्यम वेगाने भरा, काठापासून एक-दीड मिलिमीटर रिकामं ठेवा, आणि जुन्या उरलेल्या दोऱ्यावर नवा दोरा कधीही गुंडाळू नका. जास्त दोरा मावावा म्हणून काठोकाठ भरलेली बॉबिन डबीत अडकत अडकत फिरते आणि मग आपण टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो, ज्याचा काही दोष नसतो.

प्रश्न : सासूबाईंच्या डब्यात तीस-पस्तीस अर्धवट बॉबिनी निघाल्या, सगळ्या रंगांच्या. टाकून देऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अहो टाकू नका! आधी दोरा हाताने ओढून बघा, सहज तुटला तर तो कुजलाय, काढून टाका आणि बॉबिन धुवून ठेवा. जो चांगला आहे तो गोधडीचे तुकडे जोडायला वापरा, आतली शिलाई कुणाला दिसतेय, हिरवी असो नाहीतर जांभळी. आणि त्यातल्या लोखंडी बॉबिनी गंजल्या नसतील तर एखादी सातारच्या गटाला पाठवा, त्यांच्याकडे कमी आहेत.